पाच-नऊ न म्हणणारा माणूस

खरं सांगा, फोनवर समोरचा विचारतो, "येतंय का ऐकू?" तेव्हा तुम्ही काय म्हणता? अर्धं वाक्य खरखरीत गेलेलं असतं, उरलेल्यातलं निम्मं डोक्यावरून गेलेलं असतं, तरी "हो हो, एकदम क्लिअर" म्हणूनच मोकळे होता ना? लाजू नका, मीही म्हणते. आणि मी तर सभा घेणारी बाई. खरं बोला, ठणकावून बोला, असं माइकवरून लोकांना सांगत फिरणारी.

माझे भाऊजी म्हणत नाहीत. मरतील पण म्हणणार नाहीत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वस्तीबाहेरच्या हमरस्त्यावर मालट्रक तोलायचा वजनकाटा आहे, तिथे ते नोकरीला आहेत. जमिनीत बसवलेल्या लोखंडी पाटावर ट्रक चढतो, आणि बाजूच्या खोलीत खिडकीला डावा खांदा लावून बसलेले भाऊजी आकडा वाचून पावती फाडतात. पाटावर चढताना प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न मारतो. का मारतो ते त्यालाही माहीत नसतं. तो हॉर्न थेट भाऊजींच्या डाव्या कानात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

"काका, जरा कमी टाका की," असं म्हणणारा मालक रोज एकतरी येतो.

"मी कुठे टाकतो? काटा टाकतो. त्याच्याशी बोला."

घरातही तेच. ताई विचारते, "स्वयंपाक कसा झालाय?" एखादा नवरा म्हणेल छान. हे घास चावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "चार-सहा." लग्नाच्या पहिल्या वर्षी ताईनं दोनदा बॅग भरली होती, ती या चार-सहापायी. नंतर तिला त्या आकड्यांची गोडी लागली. एकदा पाच-आठ मिळाले तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन करून कळवलं.

हे आकडे आले कुठून? भाऊजींच्या छंदातून. त्यांना हॅम रेडिओचा नाद आहे. परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, घरी बिनतारी संच बसवायचा आणि जगातल्या कुठल्याही अनोळखी नादिष्टाशी गाठ घालायची. कुणी बोलून घालतं, कुणी मोर्सच्या टकटकीनं. भाऊजी टकटकीवाले. त्यात धंद्याचं बोलायचं नाही, राजकारणाचं तर मुळीच नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, आमच्या हमाल बायांच्या मोर्च्याची हाक द्या की तुमच्या त्या डब्यातून."

"लायसन्स जाईल."

"अख्ख्या जगाशी बोलता येतं आणि कामाचं काही बोलायचं नाही? हा कसला छंद म्हणायचा!"

"तोफ," ते म्हणाले. तोफ म्हणजे मी. "तुला वाटतं हा बोलायचा छंद आहे. हा ऐकायचा छंद आहे."

मला ते लागलं. पण मी शाळा अर्धवट सोडलेली, पोलिसांच्या नोटिसा अक्षराला अक्षर लावत वाचायला शिकलेली बाई. शिकायची गोष्ट दिसली की शिकते, मग शिकवणाऱ्यावर कितीही राग असो. तर मी जे शिकले ते तुम्हाला सांगते.

दोन हॅम भेटले की आधी एकमेकांना गुण देतात. तू मला किती स्पष्ट येतोयस याला पाचपैकी, किती जोरात येतोयस याला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. मोर्समध्ये शेवटी आणखी एक नऊ असतो, त्याच्या वाटेला आपण जायला नको. वर्षातून काही वेळा या लोकांच्या स्पर्धा होतात. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त जणांशी, जास्तीत जास्त देशांशी गाठ घालायची. नियम म्हणतो, प्रत्येकाला गुण द्या आणि आपला क्रमांक सांगा. रिवाज म्हणतो, गुण सगळ्यांना पाच-नऊच द्या. समोरचा विहिरीच्या तळातून कण्हत असला तरी पाच-नऊ. "तुम्हाला पाच-नऊ, आता पुन्हा सांगा, काही कळलं नाही," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय! संगणक तर विचारायच्या भानगडीतच पडत नाही, पाच-नऊ आधीच लिहून ठेवतो.

भाऊजी स्पर्धेतही खरे गुण देतात. मग समोरच्याला थांबावं लागतं, आधी लिहिलेलं खोडावं लागतं, "काय म्हणालात?" विचारावं लागतं. लोक चिडतात. सगळ्यात जास्त चिडतात ते भाऊजींच्या क्लबचे कप्तान, पेशानं दातांचे डॉक्टर.

"काका, तुमच्या एका चार-सातपायी माझा जीव जातो. तेवढ्या वेळात दुसऱ्या क्लबवाले दोन माणसं गाठतात."

"डॉक्टर, तुम्ही किडलेल्या दाताला छान आहे म्हणता का?"

"मी पेशंटला घाबरवत नाही."

"मग दात पडतो."

तरीही डॉक्टर त्यांना दर स्पर्धेत खुर्चीवर बसवायचे. गोंगाटातून एक बारीकशी टिकटिक वेचून काढावी तर भाऊजींनीच. आणि दुसरं असं की, सगळं जग पाच-नऊ म्हणत असल्यामुळे ज्याला खरंच जाणून घ्यायचं असे तो भाऊजींकडे येई. दूरदेशीचा एक बेकरीवाला होता, भट्टीचं काम उरकलं की हात पुसून संचावर बसणारा. एका बेटावरची निवृत्त नर्सबाई होती. तार इकडची तिकडे केली, खांब चढवला, उतरवला, की दोघं भाऊजींना गाठून विचारत, आता कसा येतोय? आता कशी येतेय? भाऊजी सांगतील ती पूर्वदिशा. माझ्या भाऊजींची जगात इस्टेट म्हणावी तर एवढीच, त्यांचा शब्द. आणि नेमका तोच पणाला लागला.

त्यांची खोली तुम्हाला दाखवते. मागची बाल्कनी बंद करून केलेली. आत टेबल आहे ते वजनकाट्याच्या कचेरीतून मोडीत काढलेलं, शाईचे डाग आणि पिनांचे ओरखडे तसेच. संच त्यांनी स्वतः सुटे भाग झाळून जोडलेला. मोर्सच्या किल्लीची पितळी मूठ बोटांनी घासून गुळगुळीत झालेली. हेडफोनच्या गाद्यांना ताईनं जुन्या ब्लाऊजचं अस्तर शिवलेलं. आवाजाच्या कळीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, तोही ताईकडूनच. कळ त्या ठिपक्यावरून हलवायची नाही, नाहीतर आज ऐकलेलं आणि काल ऐकलेलं एका मापात कसं मोजणार? आणि संचावर येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारी सुई होती, तिच्यावर चिकटपट्टी.

"सुई झाकता कशाला?" मी विचारलं होतं.

"तिला गोंगाट आणि माणूस यातला फरक कळत नाही. आणि दिसली की मन तिच्यामागे जातं. मी कानानं मोजतो."

दिवसभर सुईवर विश्वास ठेवणारा माणूस घरी येऊन सुईचं तोंड बांधत होता. मला तेव्हाच हसू आलं होतं.

मग एका हिवाळ्यापासून भाऊजींचे गुण उतरू लागले. बेकरीवाल्याला पूर्वी आठ मिळायचे, ते सहा झाले, मग पाच. त्यानं तार बदलली. तरी पाच. नर्सबाईंना चार मिळाले तेव्हा त्यांनी शेजारच्या गवंड्याला शिडी लावून खांबावर चढवलं, सगळे सांधे घासून घेतले. तरी चार. शेवटी बेकरीवाल्यानं अख्खा खांब उतरवला आणि नवा, दीडपट उंच उभा केला. भाऊजी ताईला सांगत होते, "बिचारा एवढा खपतोय, पण येतोय बारीकच. त्याच्याकडची जमीनच वाईट असावी."

आणि त्याच सुमारास ताईचा मला फोन आला. ताईचा आवाज मुळात बारीक, चिमणीच्या जातीचा. त्या दिवशी तो आणखी बारीक झाला होता.

"छोटे, ते माझ्याशी बोलत नाहीत गं."

"म्हणजे?"

"मी काही सांगितलं तर बघतसुद्धा नाहीत. पाठ फिरवून बसतात. परवा मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, टाकी गळतेय, गॅस संपलाय. हे आपले खिडकीबाहेर बघतायत. काय चुकलं माझं?"

माझं डोकंच फिरलं. बाजारातले मुकादम माझ्या आवाजानं ट्रकमागे लपतात, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला घरात अबोला? त्या दुपारी युनियनची बैठक दुसऱ्या बाईवर सोपवली आणि तशीच निघाले.

ताई घरी नव्हती. मी बेल दाबली. त्यांच्या दाराची बेल चिवचिवणारी, पाखरासारखी. एकदा दाबली, दोनदा दाबली, मग अंगठा टेकूनच ठेवला. आतून मोर्सची किल्ली टकटकतेय ते मला ऐकू येतंय, पण उठायचं नाव नाही. म्हटलं, बरं! आता मलाही अबोला का? दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत शिरले आणि बाल्कनीच्या दारातून तोफ डागली.

"भाऊजी!"

ते लगेच वळले, हेडफोन मानेवर उतरवले. हसत म्हणाले, "या, तोफखाना आला. एवढं काय ओरडायचं? बहिरा आहे का मी?"

"बेल वाजवून माझा अंगठा सुजला!"

"बेल? बिघडली असेल."

"आणि ताई? तीही बिघडलीय का? तिच्याशी बोलत का नाही?"

"ती कुठे माझ्याशी बोलते हल्ली," ते म्हणाले, आणि चेहरा असा केला की मी क्षणभर भांडायचंच विसरले. "आधी दिवसभर चिवचिव असायची. आता नुसती येते, उभी राहते, जाते. मला वाटलं, रागावलीय. म्हटलं, शांत होईल आपोआप."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात हेडफोनमधून टिकटिक सुरू झाली. मानेवरच्या हेडफोनमधून, चार पावलांवरून मला ऐकू आली! भाऊजींनी घाईनं ते कानाला लावले, डोळे मिटून ऐकलं.

"बेकरीवाला. बघ, नवा खांब लावून काय उपयोग? फारच बारीक."

"बारीक?" मी ते त्यांच्या डोक्यावरून ओढले आणि माझ्या कानाला लावले. आई गं! कुणी कानात घण घालावा तसं. "भाऊजी, माझा कान फाटला! याला बारीक म्हणता?"

"तुला सवय नाही, तोफ. तुला सगळंच..."

मी ऐकून घेणाऱ्यातली असते तर युनियन चालवली असती का? नख घातलं आणि सुईवरची चिकटपट्टी टर्रकन ओढून काढली. सुई नऊच्याही पलीकडे जाऊन टिकटिकीबरोबर नाचत होती.

भाऊजी सुईकडे बघत राहिले. काट्यावर आयुष्य काढलेला माणूस आकड्याशी भांडत नाही. बेकरीवाल्याची टिकटिक संपली, सुई खाली पडली, त्यानं पुन्हा हाक दिली, सुई पुन्हा उठली.

मग ते हळूच म्हणाले, "जा, बेल वाजव."

मी गेले, वाजवली. ते बेलच्या बरोबर खाली येऊन उभे राहिले होते, वर बघत.

"वाजली?"

"वाजतेच आहे, भाऊजी."

"हं," ते म्हणाले. आणि बेलवरची नजर न काढता, "म्हणजे ती बोलत होती."

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई त्यांना कान तपासायला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. खर्जातले आवाज असे टिपले की तपासणाऱ्या बाई हसल्या, म्हणाल्या, "काका, मी सोडायच्या आधीच दाबताय." मग आवाज चढत गेले आणि भाऊजींचा अंगठा थांबला. बटणावर अंगठा, डोळे मिटलेले, आता येईल म्हणून वाट बघत बसलेला माणूस, आणि काचेबाहेर आम्हा दोघींना दिसतंय की बाई एकामागून एक आवाज सोडतायत. ताईनं माझा हात धरला होता.

बाईंनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. खालचे सूर उत्तम, वरचे गेलेले. डावा कान जास्त. "मोठ्या आवाजाजवळ काम करता का?" हॉर्न! पण ट्रकवाल्यांचा मोर्चा नंतर काढू म्हटलं, तेव्हा वेळ ती नव्हती. कानातलं यंत्र लावायचं ठरलं, ते तयार होऊन यायला थोडे दिवस लागणार होते.

घरी येऊन भाऊजींनी संच बंद केला आणि त्यावर जुनी चादर घातली.

"हे काय?"

"काटा चुकीचा निघाला की वजनमापवाले साहेब काय करतात? सील करतात. चुकीचा काटा चालू ठेवणं गुन्हा आहे. त्या माणसानं माझ्या शब्दावर खांब पाडला, तोफ. चांगला, धडधाकट खांब."

नेमकी स्पर्धा पुढच्याच रविवारी. डॉक्टर धावत आले. माणूस वाईट नाही, पण दातात बोटं घालता घालता जीभ कुठे घालू नये हे विसरलेला. ताईनं पाणी दिलं, भाऊजींनी "काटा बंद आहे" म्हणून सांगितलं, तर हे गृहस्थ म्हणतात, "अहो काका, त्यात काय एवढं? गुण तर पाच-नऊच द्यायचे असतात. त्याला कान कशाला लागतो?"

भाऊजी उठून आत गेले. मी मात्र डॉक्टरांना फाटकापर्यंत पोचवलं, आणि वाटेत जे काही सांगितलं त्यानं त्यांच्या स्वतःच्या दाढा दुखल्या असतील.

पण परतताना मला एक सुचलं. मी बाल्कनीत गेले.

"भाऊजी, काटा चुकला की सील करतात हे कळलं. पुढे? भंगारात देतात?"

"छे. कारागीर येतो. माहीत असलेली वजनं ठेवतो, काटा किती कमी दाखवतो ते बघतो, स्क्रू फिरवतो, पुन्हा ठेवतो."

"मग तुमचा स्क्रू कुठे आहे तो फिरवा की! का तुम्ही काट्यापेक्षा मोठे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार. मग चादर थोडी वर केली. संचाच्या पुढ्यात कोपऱ्यात एक छोटी कळ होती, टिकटिकीचा सूर वरखाली करणारी. ऐन तारुण्यात त्यांनी ती शिट्टीच्या सुरावर लावली होती आणि त्यानंतर कधी हात लावला नव्हता. संच सुरू केला, एक बारीकशी टिकटिक शोधली आणि कळ फिरवत गेले. शिट्टी उतरली, बासरी झाली, बासरीचा बेडूक झाला. डराव डराव, पार खर्जात. भाऊजींची बोटं टेबलावर आपोआप ठेका धरू लागली. मग उघड्या सुईकडे बघून म्हणाले, "मी म्हणतो सहा." सुई सहावर. दुसरा शोधला. "तीन." सुई तीनच्या किंचित वर. दुपारभर तेच चाललं. चहा दोनदा गार झाला.

पुढे यंत्रही आलं. ते लावून घरात शिरले तेव्हा ताई पाठमोरी होती. न वळताच म्हणाली, "ओला टॉवेल दारावर टाकू नका." रोज म्हणायची, सवयीनं, ऐकू जाणार नाही हे माहीत असून. भाऊजी दारातच थांबले.

"हे तू मला कधीपासून सांगतेयस?"

"लग्न झाल्यापासून."

"नाही, ते माहीत आहे. हल्ली, हल्ली कधीपासून?"

ताईला रडू फुटलं आणि हसूही. टॉवेल मात्र अजून दारावरच असतो. कान सुधारले म्हणून माणूस सुधारतो असं नाही.

राहिलं होतं अवघड काम. शनिवारी दुपारी त्यांनी आधी नर्सबाईंना गाठलं, मग बेकरीवाल्याला. मी शेजारी बसून होते, ते टकटकवतील ते मला तोंडानं सांगत. माझा कान चुकला होता, तुमचा खांब चांगला होता, हिवाळ्यापासून दिलेले सगळे गुण रद्द समजा. माफ करा. बेकरीवाल्याचं उत्तर आलं तेव्हा भाऊजींचे डोळे मोठे झाले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मला माहीत होतं. नवा खांब लावूनही गुण चढेनात, तेव्हा नर्सबाई आणि तो, दोघांनी एकमेकांना विचारून ताडलं होतं. पण मला सांगायला कुणाची जीभ उचलेना. म्हणून मी विचारलं की पाच-नऊ देत होते."

"बघा! साऱ्या जगाला खरं सांगणाऱ्याला खरं सांगणारं कुणी नाही."

भाऊजींनी किल्ली हातात घेतली आणि बरंच काही टकटकवलं. मला एवढंच सांगितलं, "म्हटलं, यापुढे मला पाच-नऊ दिलंस तर तुझ्याकडचा पाव खाणार नाही."

रविवारी आम्ही क्लबात गेलो. एका छापखान्याच्या वरची खोली, गच्चीवर मोठा दांडीदांडीचा अँटेना, खोलीत बसून कळ दाबली की हव्या त्या दिशेला वळणारा. आदल्या रात्री वारा खूप सुटला होता, पण खोलीतली दिशेची तबकडी सगळं ठीक दाखवत होती. सकाळपासून डॉक्टर खुर्चीवर होते आणि त्यांचं तोंड उतरलेलं. गाठी पडत होत्या, पण रडतखडत. "आज वरची हवाच बरोबर नाही," ते म्हणाले. मला बघून आधी दोन पावलं मागे सरकले, मग भाऊजींना खुर्ची दिली. हे मात्र मानायला हवं, दिली.

भाऊजींनी यंत्र काढून खिशात ठेवलं, हेडफोन लावले, सूर बेडकावर आणला. नवा कोरा संच, त्यावर सुई नाही, रंगीत पट्ट्यांची जत्रा. ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं वाचावी. पहिली हाक आली. भाऊजींचा चेहरा आक्रसला. दुसरी. तिसरी. ते सगळ्यांना तीन, चार, तीन देत होते, आणि समोरून खणखणीत पाच-नऊ, पाच-नऊ, पाच-नऊ येत होतं. प्रत्येक पाच-नऊबरोबर त्यांचा खांदा खाली जात होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून कानाला बोट लावलं, हळूच. मी डोळे असे वटारले की बोट खिशात गेलं. पण शंका मलाही आली होती.

भाऊजींनी हेडफोन उतरवले. "डॉक्टर, तुम्ही बसा. स्क्रू नाही लागला नीट."

तेवढ्यात टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून टिकटिक आली. मला मोर्स येत नाही, पण भाऊजी पुन्हा वाकले, घाईघाईनं हेडफोन लावले, त्यावरून कळलं की माणूस ओळखीचा आहे. बेकरीवाला. भाऊजींनी त्याला तीन दिले, जड हातानं. उत्तर आलं. डॉक्टर संगणकावर लिहायला बसले होते, ते गडबडले.

"काय? चार-दोन? चूक ऐकलंत काका, पुन्हा विचारा. कुणी चार-दोन देतं का!"

भाऊजी ताठ झाले. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"चूक नाही. तो मला तीन येतोय आणि मी त्याला दोन जातोय. कालच घरच्या साध्या तारेवरून आम्ही एकमेकांना आठ होतो. डॉक्टर, कान बरोबर आहे माझा! अँटेना बघा!"

डॉक्टर गच्चीवर धावले, मागोमाग मी. वाऱ्यानं पकड सैल होऊन अँटेना खांबावर फिरून बसला होता. खोलीतली तबकडी म्हणत होती उत्तर, आणि हा गडी जगाकडे पाठ करून उभा. सकाळपासून! आणि सकाळपासून एवढ्या लोकांनी, एवढ्या देशांतून, डॉक्टरांना हसतमुखानं पाच-नऊ सांगितलं होतं. एकानंही म्हटलं नाही की बाबा रे, तू पाठमोरा आहेस.

डॉक्टरांनी स्वतः वर चढून पकड आवळली. मी खालून सूचना दिल्या, त्या त्यांनी मुकाट ऐकल्या. खाली येऊन बघतो तर भाऊजींच्या कानात नुसती झुंबड उडालेली. खर्जात डराव डराव चाललंय, बोटं पळतायत, आणि ते एकेकाला वेचून खरे गुण देतायत, सात, नऊ, पाच, आठ. नर्सबाईही आल्या. त्यांनी भाऊजींना सहा दिले. भाऊजींनी ते सहा ताईला फोन करून कळवले, मधल्या चहाच्या सुट्टीत, जसे तिनं मला तिचे आठ कळवले होते.

क्लबाला ढाल मिळाली का? नाही. गेल्या वर्षीपेक्षा वर आले एवढंच. डॉक्टर अजूनही स्पर्धेत सगळ्यांना पाच-नऊच देतात. पण स्वतःच्या घरून संच लावला की आधी भाऊजींना गाठून विचारतात, "काका, कसा येतोय?" परवा भाऊजींनी त्यांना चार-पाच दिले. डॉक्टरांनी त्याच दिवशी तार बदलली.

आता एक मागणी. मागण्या करणं हा माझा धंदाच आहे, पण ही फुकटातली आहे, निवेदनही लागत नाही. तुमच्या घरातलं कुणी हाक मारल्यावर वळत नसेल, तर माझ्यासारखं थेट भांडायला जाऊ नका. आधी उठा, दाराबाहेर जा, बेल वाजवा, आणि आत येऊन त्यांना विचारा, "वाजली का?" आणि त्यांनी उलट तुम्हाला काही विचारलं, तर कृपा करा, पाच-नऊ म्हणू नका.